घट

दिवसभर मी सावद्याच्या वजनकाट्यावर बसते.
भरलेली गाडी, वजा रिकामी गाडी,
बाकी उरते ती केळी.
पावती फाडते, मागची गाडी हॉर्न देते.
वीस किलो इकडे-तिकडे, फारसं कोणी भांडत नाही.

रात्री ओटा आवरला की
गच्चीवरच्या पत्र्याखाली दुसरा काटा काढते,
तळहाताएवढा, सोनाराकडे असतो तसला.
त्याच्यावर अठ्ठ्याहत्तर म्हणजे अठ्ठ्याहत्तर.
पंच्याऐंशी झाले तर तो साबण कातडी सोलेल.
खोबरेल तीनशे, शेंगदाण्याचं दोनशे,
आणि पाण्यात कॉस्टिक, कॉस्टिकात पाणी कधीच नाही.
हे मी दर वेळी मोठ्यानं म्हणते.
भिंतीपलीकडून चिरमाडे काकू विचारतात,
"कोनाशी बोलून राह्यली वं?"

चूल नाही, गॅस नाही, तरी पाणी तापतं,
पातेल्याला हात लावून देत नाही.
मुलाचा शाळेतल्या प्रयोगाचा चष्मा
माझ्या नाकावरून सारखा घसरतो.

मग आईची रवी.
लोण्याची वाट बघायची नाही इथे,
रेघेची बघायची.
रवी उचलली की थेंब पडतो, त्याची रेघ
वरच राहते, बुडत नाही.
खरं सांगायचं तर त्या रेघेसाठीच हे सगळं.
साबण दहा रुपयांना मिळतो,
ते आमच्याकडे रोज कोणीतरी सांगतं.

हळद टाकली की लालभडक होते,
वाटतं, कुंकू सांडलं.
निंबाचा हिरवा तीन आठवड्यांत तपकिरी.
मी रंगाशी आता वाद घालत नाही.
लोशनशी घातला होता:
तेल आणि पाणी एका वाटीत नांदले सात दिवस,
आठव्या दिवशी झाकणाखाली बुरशी.
मे महिना, सत्तेचाळीस डिग्री, त्यांचा तरी काय दोष.

जळगावहून गुलाबाचा साचा आणला,
बावीस पाकळ्या, मोजल्यात.
पहिला गुलाब कलिंदर तडवीला दिला.
तो घड उतरवतो. केळीच्या चिकानं
त्याच्या हातांच्या रेषा काळ्या झाल्यात,
पावतीवर अंगठा टेकला की शाई लागतच नाही असं वाटतं.
मनात होतं, बघू या,
माझ्या अठ्ठ्याहत्तर ग्रॅमला चीक ऐकतो का.

महिन्यानं विचारलं.
"वापरला नी ताई. पोरीनं टीव्हीपुढं ठीवला.
पाव्हना आला का दाखवते.
वास येतो अजून."
मला राग आला, थोडा, आणि नंतर स्वतःचाच.
गुलाबाचा साचा कोणी आणला होता?

त्यानंतर त्याच्यासाठी वेगळा केला:
दुधाच्या रिकाम्या खोक्यात ओतलेला,
विटेसारखा, ओबडधोबड, वर सुरीचे ओरखडे.
त्यात केळीच्या खांबाची राखही चाळून टाकली,
जिचा डाग तिनंच काढावा, या हिशेबानं.
चीक गेला नाही.
हात मऊ झाले म्हणाला. बायकोनं अर्धी वीट कापून नेली,
भांड्याला.

आज सहा आठवडे झालेल्या वड्या तोलल्या.
ओतल्या तेव्हा एकशे चोवीस,
आता एकशे नऊ.
पंधरा ग्रॅम पाणी सावद्याच्या हवेत गेलं,
कोणाच्या नावावर नाही.
व्यापारी घडामागे घट कापतात तेव्हा
शेतकरी काट्याच्या खिडकीत तोंड घालून
मलाच विचारतात, कुठे गेलं ताई वजन?
मी पावतीकडे बोट दाखवते.

इथे पत्र्याखाली मात्र
वही उघडून लिहिते: घट पंधरा.
पाणी गेलं म्हणूनच वडी टणक झाली,
आता ती हातात झिजायला तयार आहे.
खाली नवरा हाक मारतो,
उद्या पहाटे पाचला पहिली गाडी आहे म्हणून.
बोटांना अजून हळदीचा वास.
हात कशानं धुवू,
एवढ्या वड्यांसमोर उभं राहून
मी दहा रुपयांचाच घेते.